किल्टच्या मापांची शीट: इंचाचे सेंटीमीटर करताना काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

एक्सेलमधली मापांची शीट सेंटीमीटरमध्ये नेली आणि किल्ट (स्कॉटलंडमधला चुण्यांचा, घागऱ्यासारखा पुरुषी पोशाख) बसेना, असं सांगत मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी फाईल पाठवतं आणि फाईल उघडायच्या आधीच मला साधारण कळलेलं असतं की गडबड कुठे असणार. चुका ठरलेल्या तीन-चारच आहेत. मूळ कारणही एकच, बदलायचं असतं थोडं आणि लोक बदलतात सगळं.

मी ग्लासगोमध्ये अल्टरेशनची कामं करता करता किल्ट शिवायला शिकले. इथल्या जुन्या कारागिरांची सगळी मापं इंचात, कापड वारात. गिऱ्हाईक मात्र जर्मनीहून, फ्रान्सहून सेंटीमीटर पाठवतं आणि कापड मीटरने विकलं जातं. त्यामुळे दोन्ही युनिट्स सांभाळणारी शीट लागतेच.

पुढे जे शब्द येतील ते आधी सांगून टाकते. प्लीट्स म्हणजे चुण्या. टार्टन म्हणजे किल्टचं चौकड्यांचं कापड आणि सेट म्हणजे त्या चौकड्यांचा एक पूर्ण फेरा. सीट म्हणजे नितंबांचा सगळ्यात रुंद भाग. राइज म्हणजे कंबरेच्या वर जाणारा भाग. फेल म्हणजे कंबरेपासून सीटपर्यंतचा प्लीट्स शिवून टाकलेला भाग (नापास नव्हे, जरी शीट चुकली की तेही होतं). ॲप्रन म्हणजे समोरचा सपाट भाग. आणि सूत म्हणजे आपलं नेहमीचंच, इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर.

सुरू करायच्या आधी

मूळ फाईलची कॉपी करा, नावात तारीख घाला आणि मूळ फाईल बंद करा. उघडी ठेवलीत तर अर्ध्या तासाने कुठल्या खिडकीत काय बदललं ते कळत नाही.

मग टेप तपासा. हसू नका, शिवणाची कापडी टेप वापरून वापरून ताणते, टोकाची पत्री हलते, आणि स्वस्तातल्या टेपवर दोन बाजूंचे आकडे एकमेकांशी जुळतातच असं नाही. स्टीलच्या पट्टीला लावून बघा, २० इंच म्हणजे ५०.८ सेंटीमीटर आलेच पाहिजेत. अजून एक म्हणजे बऱ्याच टेपवर इंच एका टोकाकडून सुरू होतात आणि सेंटीमीटर दुसऱ्या टोकाकडून, त्यामुळे कंबरेला गुंडाळलेली टेप नुसती उलटून दुसऱ्या बाजूचा आकडा वाचला तर तो मापाचा आकडा नसतो, ती टेपची उरलेली लांबी असते.

गुणक एकच पाठ करा. १ इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर, बरोब्बर, पुढे काही नाही. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारात वार ०.९१४४ मीटर ठरला त्यातूनच हा आकडा येतो. कुणाच्या शीटमध्ये २.५ दिसला तर तो आधी काढा. ४१ इंचाच्या सीटला २.५ ने गुणलं तर १०२.५ येतात, खरे १०४.१४ आहेत, म्हणजे दीड सेंटीमीटर तिथेच गेले.

टप्पा १: प्रत्येक आकड्याला रंग द्या

शीटमधल्या प्रत्येक आकड्याच्या सेलला रंग द्यायचा. कंटाळवाणं आहे पण पाऊण तासात होतं.

पिवळा रंग लांबीला: कंबर, सीट, किल्टची कंबरेखालची उंची, राइज, फेल, सेट, माया (शिवणीसाठी सोडलेलं कापड), झालरीचा धागा. हिरवा संख्येला आणि प्रमाणाला: प्लीट्स २७, निम्मं, एक तृतीयांश. लाल रंग «दर अमुक» वाल्या गोष्टींना: भाव दर मीटर, वजन दर वार.

पिवळ्याला २.५४ चा गुणक लागतो. हिरव्याला काहीही लागत नाही. लालला उलटा हिशोब लागतो, तो पुढे सांगते.

सावधान: एक्सेलमध्ये २.५४ कॉपी करून सगळं सिलेक्ट करायचं आणि पेस्ट स्पेशलमधून मल्टिप्लाय मारायचं, हा शॉर्टकट अजिबात नको. त्यात साधे आकडे तर गुणले जातातच, पण फॉर्म्युल्यांच्या सेलनाही कंसात घालून वर २.५४ चा गुणाकार चिकटतो. म्हणजे कंबर एकदा गुणली गेली आणि तिच्यावर आधारलेला ॲप्रन दोनदा. वर २७ प्लीट्सच्या ६८.५८ प्लीट्स होतात त्या वेगळ्याच.

टप्पा २: फॉर्म्युल्यात दडलेले आकडे बाहेर काढा

हा टप्पा लोक सोडतात आणि नव्वद टक्के रडारड इथलीच असते. (नव्वद हा माझा अंदाज, मोजलेलं नाहीये.)

समजा शीटमध्ये ॲप्रनचा फॉर्म्युला आहे, कंबर भागिले २ अधिक १. इथे २ हे प्रमाण आहे, त्याला हात लावायचा नाही. पण १ म्हणजे एक इंच आहे! तुम्ही कंबर ३४ च्या जागी ८६.३६ टाकली की फॉर्म्युला इमानदारीत ४३.१८ अधिक १ करून ४४.१८ देतो, यायला हवेत ४५.७२. दीड सेंटीमीटर कमी, आणि शीट कुठेही एरर दाखवत नाही.

हे शोधायचं कसं तर कंट्रोल धरून कीबोर्डवर १ च्या डावीकडचं बटन दाबा, एक्सेल आणि गुगल शीट दोन्हीत सगळे फॉर्म्युले उघडे दिसतात. ओळीने वाचत जा. अधिक किंवा उणे चिन्हानंतर नुसता आकडा दिसला की नव्वद वेळा तरी ती लांबी असते. गुणिले-भागिलेनंतर दिसला तर बहुतेक प्रमाण असतं. असा प्रत्येक लांबीचा आकडा उचलून एका वेगळ्या टॅबवर ठेवा, शेजारी त्याचं नाव लिहा (ॲप्रनची सूट म्हणजे जादा सोडलेलं माप, राइज, झालर, माया) आणि फॉर्म्युल्यात आकड्याऐवजी त्या सेलचा पत्ता द्या, डॉलर चिन्ह लावून लॉक करून.

अटीसुद्धा बघा. माझ्या जुन्या शीटमध्ये एक अट होती की सेट ७ पेक्षा मोठा असेल तर प्लीट्स कमी धर. सेंटीमीटरमध्ये कुठलाही नेहमीचा टार्टन ७ पेक्षा मोठाच असतो, त्यामुळे शीट प्रत्येक किल्टला कमी प्लीट्स सांगायला लागली आणि मला वाटलं की सध्या सगळे मोठ्या चौकड्यांचंच कापड आणतायत. कंडिशनल फॉरमॅटिंग आणि डेटा व्हॅलिडेशनमध्येही असेच आकडे लपून बसलेले असतात, तिथेही डोकावा.

तपासा: आता फॉर्म्युले उघडे ठेवून परत एकदा खालीवर बघितलं तर अधिक-उणेच्या पुढे एकही उघडा आकडा उरलेला नको.

टप्पा ३: आत येणारी मापं

आता मुख्य मुद्दा. हिशोबाचं युनिट बदलू नका. शीट इंचात जन्मली असेल तर तिच्या पोटात इंचच राहू द्या, युनिट फक्त दोन दारांवर बदलायचं, आत येताना आणि बाहेर जाताना. कारण त्या शीटमधली प्रत्येक सूट, प्रत्येक अट कुणीतरी इंच डोळ्यासमोर धरून ठरवलेली असते.

मापांच्या टॅबवर प्रत्येक मापाला तीन सेल करा: मिळालेला आकडा, त्याचं युनिट (इंच किंवा सेंमी, ड्रॉपडाउन लावून), आणि तिसऱ्यात इंचातलं माप. तिसऱ्यात साधी अट, युनिट सेंमी असेल तर भागिले २.५४, नाहीतर आहे तसं. हिशोबाच्या टॅबने फक्त या तिसऱ्या कॉलममधूनच घ्यायचं. इथे राउंड करायचं नाही, ३३.८५८ आलं तर ३३.८५८ राहू दे.

युनिट दर मापाला वेगळं का, एकच का नाही? कारण लोक खरंच तसं पाठवतात हो. कंबर जीन्सवरून इंचात, उंची घरच्या टेपवरून सेंटीमीटरमध्ये, एकाच मेसेजमध्ये.

आकडे टाइप करताना:

- २९ लिहून वर इंचाच्या खुणेच्या दोन बारीक रेघा दिल्या की सेल मजकूर होतो. बेरजेचं सम फंक्शन रेंजमधल्या मजकुराला गुपचूप वगळतं, एररही देत नाही. सेलमध्ये फक्त आकडा.
- नुसतं १/२ टाइप केलं की त्याची तारीख होते. एक्सेलमध्ये ० मग स्पेस मग १/२ असं लिहा, किंवा सरळ ०.५.
- युरोपातून आलेल्या आकड्यात दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो. ८६,५ म्हणजे साडेशहाऐंशी. काही सेटिंगमध्ये त्याचे आठशे पासष्ट होतात.
- आणि माझी स्वतःची सवय, वहीत २९.४ लिहायचे म्हणजे एकोणतीस आणि चार सूत, अर्थात साडेएकोणतीस. शीटला ते २९.४ च वाटणार. वहीतून शीटमध्ये उतरवताना सुताचे दशांश करून घ्या: १ सूत ०.१२५, २ म्हणजे ०.२५, ३ म्हणजे ०.३७५, ४ म्हणजे ०.५, पुढे ०.६२५, ०.७५, ०.८७५.

तपासा: कंबरेत १०१.६ सेंमी टाका, तिसऱ्या सेलमध्ये बरोब्बर ४० यायला हवेत. मग कंबरेची वाजवी हद्द लावून ठेवा, इंचात २४ ते ६०. कुणी ८६ टाकून युनिट इंच ठेवलं तर सेल लाल झाला पाहिजे.

टप्पा ४: प्लीट्स, म्हणजे खरी परीक्षा

इथे जरा बसून वाचा.

उदाहरण घेऊ. सीटच्या पातळीवर मागच्या प्लीट्सच्या वाट्याला २१ इंच आलेत आणि प्लीट्स २७ आहेत. एकेका प्लीटची दिसणारी रुंदी २१ भागिले २७, म्हणजे ०.७७७८ इंच. टेपवर असलं काही नसतं, मग आपण जवळचं सूत धरतो, पाऊण इंच. वाटतं की कितीसा फरक, पाव सुताच्या आसपास. पण तो २७ वेळा होतो. पाऊण गुणिले २७ म्हणजे २०.२५. पाऊण इंच गायब, तेही नेमकं सीटवर, जिथे किल्ट ताणला की प्लीट्स फाकतात आणि मागून लगेच दिसतं.

सेंटीमीटरमध्ये केलं तर सुटका होते का? नाही. २१ इंच म्हणजे ५३.३४, भागिले २७ म्हणजे १.९७५६, आपण धरणार २. दोन गुणिले २७ म्हणजे ५४. आता ६ ते ७ मिलिमीटर जास्त. म्हणजे एकाच माणसाचा किल्ट इंचाच्या शीटवर तंग आणि सेंटीमीटरच्या शीटवर ढगळ, आणि दोष मात्र दोन्ही वेळा सुईला.

उपाय: प्लीटची रुंदी राउंड करायचीच नाही. त्याऐवजी खुणांचा कॉलम करा. पहिल्या प्लीटची कड कुठे, दुसरीची कुठे, असं एकाच टोकापासून मोजलेलं अंतर. फॉर्म्युला सोपा आहे, प्लीटचा नंबर गुणिले एकूण रुंदी भागिले एकूण प्लीट्स. आणि राउंड फक्त हे अंतर दाखवताना. वरच्या उदाहरणात पहिली खूण ६ सुतांवर, दुसरी दीड इंचावर, तिसरी २ इंच ३ सूत, चौथी ३ इंच १ सूत. काही प्लीट्स सहा सुतांच्या होतात, काही सात, पण चूक साचत नाही, कुठल्याही खुणेवर ती अर्ध्या सुताच्या आतच राहते.

या आकड्यांचं अजून एक सुख म्हणजे नववी खूण बरोब्बर ७ इंचांवर येते, अठरावी १४ वर, सत्ताविसावी २१ वर. सेंटीमीटरच्या कॉलममध्ये १७.८, ३५.६, ५३.३. अशा दोन-तीन थांब्यांवर टेप लावून बघायची, नंतर उसवण्यापेक्षा बरं.

कंबरेच्या पातळीला वेगळा कॉलम. १७ इंच भागिले २७ म्हणजे ०.६२९६, हे पाच सुताच्या इतकं जवळ आहे की राउंड केलं तरी एकूण एकच सूत कमी पडतं. म्हणून लोक फसतात, कंबर जुळली म्हणजे सीटही जुळली असेल असं धरून चालतात.

राउंड करायला एमराउंड फंक्शन आहे, सुतासाठी ०.१२५, अर्ध्या सुतासाठी ०.०६२५. सेंटीमीटरसाठी साधं राउंड, एक दशांश. मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, खडूची रेघच एक मिलिमीटर जाड असते.

सावधान: चौकड्यांची रेघ आणि खूण यांत भांडण झालं तर रेघेचं ऐका. टार्टन जुळवून प्लीट घालताना खूण दोन धाग्यांनी सरकली तर चालते, पण थांब्यांवर एकूण माप आलंच पाहिजे.

टप्पा ५: सेट खऱ्या कापडावर मोजा

कागदावर सेट ६ इंच लिहिलेला असतो. तो २.५४ ने गुणून १५.२४ लिहू नका, कापड टेबलावर पसरा, पाच फेरे एकदम मोजा आणि पाचाने भागा. एकच फेरा मोजला तर टेपची सगळी चूक त्या एकाच फेऱ्यावर बसते. समजा पाच फेरे ७७.५ सेंटीमीटर भरले, तर सेट १५.५. दर प्लीटला एक सेट धरला तर २७ प्लीट्सना ४१८.५ सेंटीमीटर कापड, कागदावरच्या सेटने ४११.५ आलं असतं. सात सेंटीमीटर म्हणजे जवळपास अर्धी प्लीट.

टप्पा ६: कापड, वजन आणि भाव

हे लाल रंगवाले.

आठ वारांचा किल्ट म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा कापड चार वारच घेतलेलं असतं, डबल पन्ह्याचं म्हणजे दुप्पट रुंदीचं, आणि ते मधोमध लांबीत कापून दोन पट्ट्या जोडतात. आपल्याला वार नवा नाही, नऊवारीमुळे अंदाज येतो, नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. आठ वार ७.३२ मीटर, चार वार ३.६६ मीटर. कापड विकत घेताना राउंड नेहमी वरच्या बाजूला, राउंडअप वापरून, ३.६६ चे ३.७ मीटर.

एकदा मला चार मीटर हवं होतं आणि मी ऑर्डर दिली चार वारांची. शीटमध्ये कॉलमच्या डोक्यावर युनिटच लिहिलेलं नव्हतं, चूक माझीच. ३४ सेंटीमीटर कमी आलं, त्यात काय एवढं असं आधी वाटलं, पण डबल पन्हा कापून जोडायचा म्हणजे कमतरताही डबल, ६८ सेंटीमीटर, चार प्लीट्सहून जास्त. दुसरा तागा घ्यायचा तर रंगाची खात्री नाही. शेवटी प्लीट्स कमी करून शिवला, आणि तो किल्ट चालताना हलतो तेव्हा मला अजून दिसतं.

पन्हाही तपासा. किल्टची खालची कड दुमडत नाहीत, कापडाचा काठच खाली ठेवतात. म्हणून उंची अधिक राइज हे अर्ध्या पन्ह्यात बसायलाच हवं. २४ इंच उंची आणि २ इंच राइज म्हणजे ६६ सेंटीमीटर, १५० च्या पन्ह्याचा अर्धा ७५, ठीक. उंच माणसासाठी ही बेरीज शीटनेच ओरडून सांगावी अशी अट लावा.

भाव उलटा जातो. मीटरला ७० पौंड असेल तर वाराला ७० गुणिले ०.९१४४, म्हणजे ६४. वार मीटरपेक्षा लहान, म्हणून भावही लहान, एवढं मनात धरलं की चुकणार नाही. घाईत भागलं तर ७६.५५ येतात आणि गिऱ्हाईकाचा कागद चुकतो.

वजनाचंही तसंच. १६ आउन्सचं कापड म्हणजे पूर्ण पन्ह्याच्या एका धावत्या वाराचं वजन १६ आउन्स, चौरस वाराचं नाही. धावत्या मीटरला ते साधारण ४९६ ग्रॅम, आणि पन्हा १५० सेंटीमीटर असेल तर चौरस मीटरला ३३० च्या आसपास. लोक नेटवरचा आउन्स ते जीएसएम (ग्रॅम दर चौरस मीटर) कन्व्हर्टर वापरतात, तो चौरस वार धरून ५४२ सांगतो, मग ३३० जीएसएम लिहिलेलं चांगलं कापड हलकं समजून परत पाठवतात.

टप्पा ७: छापायचं पान

शिवणाऱ्याच्या हातात जाणारं पान वेगळ्या टॅबवर. दोन कॉलम, इंच-सूत आणि सेंटीमीटर, दोन्ही हिशोबाच्या टॅबवरून सरळ आलेले. सेंटीमीटरचा कॉलम राउंड केलेल्या इंचांवरून काढू नका, राउंडवर राउंड होतं. एक्सेलमध्ये फ्रॅक्शन फॉरमॅटमध्ये आठव्या भागांचा पर्याय आहे, तो २९.५ ला २९ ४/८ असं दाखवतो. इंग्रजी डोळ्याला ते विचित्र वाटतं, आपल्याला सोयीचं, वरचा आकडा म्हणजे थेट सूत.

आणि या पानावरचे आकडे कॉपी करून परत मापांच्या टॅबवर कधीही टाकू नका. कंबर ८५ सेंटीमीटर होती, पानावर ३३ इंच ४ सूत छापलं, पुढच्या वेळी कुणी ३३.५ टाकलं की ती ८५.०९ होते. एकदा चालतं, पण सीट, फेल, सेट सगळ्यांचं असं चार फेऱ्यांत झालं की मूळ माप काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

टप्पा ८: शेवटची तपासणी

एकच गिऱ्हाईक दोनदा भरा. कंबर ३४, सीट ४१, उंची २४, फेल ८ इंचात. शेजारी तेच ८६.३६, १०४.१४, ६०.९६, २०.३२ सेंटीमीटरमध्ये. दोन्हींच्या उत्तरांची वजाबाकी करणारा कॉलम लावा, सगळीकडे शून्य (किंवा पार बारीक दशांश) यायला हवं.

सगळ्यात आधी प्लीट्सची संख्या बघा. युनिट बदललं म्हणून ती एकानेही बदलली तर कुठल्यातरी फॉर्म्युल्यात इंचाचा आकडा अजून दडलाय, टप्पा २ वर परत. फरक १.५४ किंवा त्याच्या पटीत आला तर एक किंवा अनेक इंच नुसते सेंटीमीटर म्हणून मोजले गेलेत. उत्तर अडीच पट आलं तर दोनदा गुणलंय.

ज्यांना शीट पोटातूनच सेंटीमीटरमध्ये हवी असेल त्यांनी गुणाकार करत बसू नये, सूट नव्याने ठरवाव्यात. २ इंचांचा राइज ५.०८ नाही लिहायचा, ५ लिहायचा आणि एक किल्ट त्यावर शिवून बघायचा. माझं म्हणाल तर मी अजून पोटात इंचच ठेवलेत.